पेटी धरायला

व्हायोलिनची पेटी हातात धरून सर मंडपाच्या कडेला उभे होते. बसा म्हणून त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हारजवळच्या एका गावची यात्रा. मी विशीतला, पहिलाच कार्यक्रम. यात्रा कमिटीचे अध्यक्ष माईकवरच म्हणाले, "वस्तीवरचा ना तू? तुमच्यात तर बँड असतो. हे व्हायोलिन कुठून आलं रे?"

लोक हसले. मग सरांकडे बोट. "अन् ह्यो कोण? पेटी धरायला आनलाय व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."

ही माझी चूक. एका शब्दाची.

"गुरू कोण तुझा?"

मी नगरच्या नावाजलेल्या एका बुवांचं नाव घेतलं. त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. नाव घेताना, रीत म्हणून, कानाच्या पाळीला हात लावला. टाळ्या पडल्या. सरांनी नुकत्याच जुळवून दिलेल्या तारांवर मी वाजवलं.

सर साखर कारखान्यात पोती उचलायचे. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात आम्हाला शिकवायचे. व्हायोलिन एकच. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी तोंडानं सा धरायचा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी विहारात गेलो. सरांनी सा धरायला बसवलं. माझा सा लागेना. रडूही येईना. पुढं वर्षभर तसंच. रोज जायचो, बसायचो, उठायचो. आत काही हलत नव्हतं.

यात्रेचं बोलावणं पुन्हा आलं. तेव्हा म्हणालो, "सर, माफ करा."

ते तारा पुसत राहिले. "हितं माफी मागून काय व्हनार? नाव तिथं लपिवलंस. माफी बी तिथंच माग."

तोच मंडप. सर कडेला, उभेच. मी गज उचलला नाही. माईक धरला.

"मागल्या वर्षी मी खोटं बोललो. ते बुवा माझे गुरू नाहीत. तिकडं पेटी घेऊन उभे आहेत, ते. दगडू साळवे." कानाला हात लावला.

"नाटकं पुरे. वाजव," अध्यक्ष म्हणाले.

"आधी त्यांना खुर्ची द्या."

कोणी हललं नाही. माईक बंद झाला. मी खाली उतरलो. सरांच्या हातातून पेटी घेतली, व्हायोलिन आत ठेवलं. पेटी मीच धरली. सरांना उभं ठेवणाऱ्या मंडपात मी पुन्हा वाजवणार नव्हतो. कधीच नाही.

मग तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सर, माझं चुकलं."