टायर तेवढे धुवा

मोबाईल वाजला तेव्हा मी त्या पांढऱ्या गाडीत अर्धी आत होते. सीटवर व्हॅक्यूम मारून झाला होता. डॅशबोर्ड पुसून झाला होता. त्यावर चिकटवलेली गणपतीची छोटी मूर्तीसुद्धा मी कोरं फडकं घेऊन पुसली होती. फोन बहिणीचा होता. मी नेहमीसारखं म्हणाले, "जय भीम, ताई. कामात हाय, नंतर करते."

गाडीचा मालक बाजूलाच उभा होता. पन्नाशीचा बागायतदार, कडक इस्त्रीचा. तोवर माझ्याशी हसून बोलत होता. त्याने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याने मूर्तीकडे बघितलं आणि अण्णांना हाक मारली. अण्णा म्हणजे त्या वॉशिंग सेंटरचे मालक.

"अण्णा, आतून परत घ्या. दुसरा माणूस लावा."

का, असं अण्णांनी विचारलं नाही. त्यांनी संपतला खूण केली. संपत तिथला जुना कामगार. त्याने मूर्तीवर बाटलीतलं पाणी ओतलं आणि मी पुसलेलं सगळं पुन्हा पुसलं. मी व्हॅक्यूमचा पाइप हातात धरून उभी. मग बागायतदार माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही.

"बाई, तुमच्यावर राग न्हाई. पण आत तुमी जायचं न्हाई. टायर तेवढे धुवा."

आणि मी टायर धुतले.

चारही धुतले. गुडघ्यावर बसून, ब्रश मारून. त्याचे बूट माझ्या तोंडासमोर होते.

मी तिथे पोटासाठी लागले नव्हते. ते सेंटर मी विकत घेणार होते.

अकरा वर्षं मी सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला होते. आमची लाईन बंद पडली. नवरा टेम्पो चालवतो. दोघांनी ठरवलं, आता दुसऱ्याच्या गेटवर उभं राहायचं नाही. श्रीगोंद्याबाहेर, कारखान्याच्या रस्त्याला अण्णांचं सेंटर विकायला निघालं होतं. मी अण्णांना म्हणाले, आधी तीन महिने इथं काम करते, धंदा हातानं शिकते, मग घेते. ते हसले. बाईमाणसाला जमायचं नाही म्हणाले. पण फुकटात दोन हात मिळत होते, म्हणून हो म्हणाले.

माझी जात त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. टायरपाशी बसवायला ती आड येत नव्हती.

पहिल्या आठवड्यात प्रेशर गननं खांदा निखळल्यासारखा झाला. शॅम्पूनं बोटं फाटली. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे, बाई गाडी धुते म्हणून. एक-दोघांनी फोटो काढले. मी शिकत राहिले. तापलेल्या बॉनेटवर गार पाणी मारायचं नाही. उसाच्या ट्रॅक्टरवरचा वाळलेला चिखल आधी भिजू द्यायचा, मग गन. बोअरचं पाणी जड, गाडी उन्हात वाळली की काचेवर पांढरे डाग राहतात, म्हणून सावलीत घेऊन लगेच पुसायची. सगळं संपतनं शिकवलं, हातचं राखून न ठेवता.

अण्णांनी न सांगितलेलंही कळलं. दुपारनंतर बोअरचं पाणी तुटायचं. पंप नुसती हवा ओढायचा. बाहेरून बघून सेंटर घेतलं असतं तर हे मला व्यवहार झाल्यावर कळलं असतं.

त्या पांढऱ्या गाडीनंतर नियमच झाला. कोणी सांगितला नाही, पण झाला. आत संपत. खालून मी.

तीन महिने भरत आले तेव्हा अण्णांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला, माझा कागदाच्या कपात, त्यांचा काचेच्या. म्हणाले, काम तुम्हाला येतं, मी बघितलंय, तुम्हालाच देतो. फक्त दोन गोष्टी ऐका.

"पाटीवर नाव माझंच ऱ्हाऊ द्या. आन् समोर संपतला बसवा. तुमी मागच्या खोलीत बसून बघा सगळं. न्हाईतर गिऱ्हाईक तुटंल. तुमच्याच भल्याचं सांगतोय, ताई."

बोअरचं लपवलं होतं, पण हे सांगताना त्यांच्या मनात कपट नव्हतं. खरंच माझं भलंच सांगतोय, असं त्यांना वाटत होतं.

घरी नवरा म्हणाला, पाटीचं काय एवढं, धंदा तर आपला होतोय ना. मी त्याला दोष देत नाही. टेम्पोवर तोही रोज काहीतरी गिळतो. पण तेव्हा मी त्याला ते टायर सांगितले. तोवर कोणालाच सांगितले नव्हते. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

मला राग त्या बागायतदारापेक्षा माझा जास्त आला. कंपनीत सुपरवायझरला तोंडावर उत्तर देणारी मी. आणि इथं एका वाक्यावर माझे गुडघे आपोआप वाकले. कोणी शिकवलं गुडघ्यांना हे? आजीला मारून शिकवलं होतं. आईला उपाशी ठेवून. मला तर कोणी बोटही लावलं नव्हतं. नुसतं बाई म्हणाले होते, तेही सभ्यपणे. तीन महिन्यांत मी सगळा धंदा शिकले, त्यात हेही शिकून बसले होते. आणि आता अण्णा मला तेच विकत घ्यायला सांगत होते. माझ्याच पैशानं, माझ्याच सेंटरवर लपून बसायचं.

दोन दिवसांनी ती पांढरी गाडी पुन्हा आली. बागायतदारानं किल्ली संपतकडे दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "टायर तेवढे."

मी पंप बंद केला. एकदम शांत झालं. रस्त्यावरची वाहनं ऐकू यायला लागली.

"धुईन तर सगळी गाडी धुईन. आतून, बाहेरून. न्हाईतर टायरलाबी हात लावणार न्हाई."

तो अण्णांकडे बघायला लागला. अण्णा म्हणाले, ताई, गिऱ्हाइकासमोर असं बोलू नये, मागं चला, आपण बोलू. मी म्हणाले, मागं न्हाई, इथंच बोला. आणि सेंटर मला नको, तेही इथंच सांगितलं.

मी गमबूट काढले, चपला घातल्या आणि रस्त्याला लागले. मागं पंप पुन्हा सुरू झाला. संपत ती गाडी धूत होता. त्याला घर चालवायचं आहे, मला कळतं. पण त्यानं मान वर केली नाही, हेही मी विसरलेले नाही.

त्यानंतर स्वतःचं सेंटर टाकायला मी तीन जागा बघितल्या. एकानं आडनाव ऐकून घरी विचारतो म्हणून सांगितलं, आता फोन उचलत नाही. दुसऱ्यानं जागा दिली गेली म्हणून सांगितलं. ती अजून मोकळी पडली आहे, मी रोज तिथून जाते. तिसऱ्यानं भाडं ऐकवलं, ते माझ्यासाठीच वाढवलेलं होतं. बहीण म्हणते, पुण्याला जा, तिथं कोण विचारतं. मी जाणार नाही. जो धंदा मी इथं शिकले तो इथंच करणार, याच रस्त्याला, याच गाड्यांचा. बोअर आधी चालवून बघेन, मगच सही करेन. पाटीवर माझं पूर्ण नाव असेल, आडनावासकट, चालत्या गाडीतून वाचता येईल एवढं मोठं. ज्याला ते वाचून पुढं जायचं असेल त्यानं जावं. वर्ष लागलं तरी लागू दे. मागच्या खोलीत मी बसणार नाही.