कपाटात ठेवलेला मोबाईल

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या रेखाला खोटं बोलता यायचं नाही. प्राचार्यांनी एकदा विचारलं, "माझं भाषण कसं झालं?" ती म्हणाली, "लांब." मी ग्रंथपाल, ती माझी मदतनीस; माझीच मान खाली गेली.

ती पुणतांब्याहून राहात्याला रोज यायची. आपण स्वमग्न आहोत, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, एखाद्याने रक्तगट सांगावा तसं. गोंगाट वाढला की तिचा जीव घाबरा व्हायचा, शब्द बंद व्हायचे. त्यासाठी मनगटावर एक घड्याळ आणि त्याला जोडलेला मोबाईल होता. नाडी वाढली की घड्याळ थरथरायचं आणि मोबाईलवर चित्रं यायची: बाहेर जा, पाणी पी, दहापर्यंत मोज. अगदीच बोलता येईना, तर ती एक बटण दाबायची. मग तिच्या आईचा आवाज यायचा, "तिला आत्ता बोलता येत न्हाई. जरा थांबा."

"मला कळायच्या आधी याला कळतं," ती म्हणायची. त्याच्या भरवशावर चार वर्षांत तिने एक खाडा केला नाही.

मग कॉलेजच्या वेळेत सगळ्यांनाच मोबाईलबंदी आली. "एकीला सूट दिली की सगळे मागतील," प्राचार्य म्हणाले. मला भांडता आलं असतं. पण निवृत्तीला आठ महिने उरले होते. मी बंदीच्या परिपत्रकावर सही केली आणि तिचा मोबाईल, घड्याळ माझ्या कपाटात ठेवलं.

"मग मला कसं कळणार?" तिने विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणाले.

स्नेहसंमेलनाला ग्रंथालयाच्या खिडकीखालीच डीजे लागला. मी मंचावर पाहुण्यांना शाल-नारळ देत होते. कुणीतरी बोलवायला आलं, तेव्हा धावले. रेखा टेबलाखाली कान दाबून डोकं आपटत होती आणि पाच-सहा जण, बंदी असलेल्या मोबाईलवर, तिचा व्हिडिओ काढत होते. संध्याकाळपर्यंत तो पुणतांब्यात पोचला. रेखा पुन्हा कामावर आली नाही.

महिन्याने मी तिच्या घरी गेले. आई दारातच म्हणाली, "लई लोकांनी पाह्यलं, मॅडम. आता ती उंबऱ्याभायेर पडत न्हाई."

रेखा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी म्हणाले, "रेखा, माझं चुकलं. मला माफ कर."

तिचे हात थांबले. "माफ करायचं म्हणजे काय करायचं असतं? परत यायचं?"

"तसं नाही."

"मग काय?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करू लागले. तिने माझं गोळा करून होईपर्यंत वाट पाहिली. मग पुढची शेंग उचलली आणि म्हणाली, "तुमची गाडी साडेचारला आहे."