राहिलेले पाठ

चूक माझी होती, आणि ती मी चांगुलपणाच्या नावाखाली केली. शेवटचे पाठ तोंडावर आलेले असताना मी एका बाईला घरी पाठवलं. तिला विचारलं नाही. तिच्या सासऱ्याला सांगितलं आणि मोकळा झालो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नंदुरबारला एका अध्यापन विद्यालयात मी शिकवत होतो. सातवी झालेली माणसं आमच्याकडे दोन वर्षं शिकायची, शेजारच्या प्राथमिक शाळेत मुलांसमोर सराव पाठ द्यायची, आणि परीक्षकासमोरचे पाठ पार पडले की प्रमाणपत्र घेऊन गुरुजी व्हायची. ही बाई सारंगखेड्याच्या बाजूची, तापीकाठच्या शेतकरी घरातली सून. गावात मुलींची शाळा होती, पण शिकवायला बाई टिकत नव्हती. म्हणून सासऱ्याने स्वतः तिला शिकायला पाठवलं होतं. ती नंदुरबारला मावशीकडे राहायची.

दुसऱ्या वर्षी ती गरोदर होती. एकदा चौथीच्या वर्गात तिचा तापी नदीवरचा पाठ चालू होता. मी मागे बसून टिपणं घेत होतो. फळ्यावर नकाशा काढता काढता ती थांबली, खुर्चीचा आधार घेतला, क्षणभर बसली. दोन मुलं हसली. ती उठली आणि नदी जिथे सोडली होती तिथून पुढे काढू लागली.

त्याच आठवड्यात तिचा सासरा कापूस विकायला नंदुरबारला आला होता. मी त्याला गाठलं. म्हणालो, "सूनबाईंना यंदा झेपणार नाही. घरी न्या. पुढच्या वर्षी बघू."

"तुम्ही शिकेल माणसं, तुम्ही म्हणतस ते बराबर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासऱ्याच्या बैलांच्या दमणीत बसली. सासऱ्यासमोर ती बोलत नसे, डोक्यावरून पदर खाली ओढलेला असायचा. मी जवळ उभा होतो. ती काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याला मी होकार समजलो. खरं तर मला तसं समजायचंच होतं.

पुढचं वर्ष आलं. ती आली नाही.

ती एकटी नव्हती. आमच्याकडे नाव घालणाऱ्यांतले कितीतरी जण शेवटपर्यंत पोचायचेच नाहीत. कुणी कापूस वेचणीला जाई, कुणी बहिणीच्या लग्नाला. अक्राणीच्या डोंगरातली मुलं होळीला गेली की परतायची नाहीत, आणि परतली तरी हजेरी भरलेली नसायची. आम्ही शिक्षकांच्या खोलीत चहा पीत म्हणायचो, यांच्यात जिद्दच नाही. मीही म्हणायचो. मग एकदा डोंगरातला एक विद्यार्थी होळीसाठी रजा मागायला आला. मी त्याला ठरलेलं वाक्य ऐकवलं, पाठ बुडाले तर पुढच्या वर्षी बघू.

तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या भावालाही तुम्ही हेच सांगितलं होतं. तो अजून बघतोय."

तो हसत होता. मला हसू आलं नाही. त्याचा भाऊ मला आठवतसुद्धा नव्हता.

मी विचारलं, "एक वर्ष होळीला नाही गेलास तर?"

"गावात म्हणतील, मास्तर व्हायच्या आधीच साहेब झाला."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की 'पुढच्या वर्षी' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. डोंगरातल्या मुलांचे पाठ होळीआधी उरकून घ्यायचे, त्यासाठी शाळा भरण्याआधीचा तास मागून घ्यायचा. जे अर्धवट सोडून गेले त्यांच्या घरी जायचं. राहिलेले पाठ देण्याची मुभा नियमात होती, पण ते कुणी कुणाला सांगत नव्हतं. रविवारी मी सायकल काढू लागलो, लांब असेल तर एस.टी. प्राचार्य म्हणाले, "गावोगाव अक्षता वाटत फिरता की काय?" मी म्हणालो, "तसंच समजा, पण मांडव आपल्या दारात घाला, सकाळचा तास तेवढा द्या." ते हसले, आणि सकाळचा तास मिळाला. त्या वर्षी डोंगरातली मुलं पाठ पुरे करून होळीला गेली.

मी सगळ्यांकडे गेलो. तापीकाठच्या त्या गावाचा रस्ता मात्र दोनेक वर्षं टाळत राहिलो. कधी नदीला पाणी आहे म्हणालो, कधी परीक्षा. अखेर एका रविवारी ती सगळी कारणं मलाच ऐकवेनात आणि मी निघालो.

सासरा ओट्यावर बसला होता. त्याने पाणी मागवलं. मी सुनेचं नाव काढलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आते कसाले, मास्तर? तुम्हीच सांगं ना, तिले जमाव नही. आम्ही तुम्हना शबद मोडा नही."

त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "जमाव नही कसं? पोऱ्याले जपाडतांना रोज रातले नदीना धडा म्हणस. पोऱ्या जपी जास, तरी हिनी तापी सुरतलगून जास."

म्हातारा मिशीत हसला. मी त्याला म्हणालो, "दादा, मी तेव्हा चुकलो. मला माफ करा."

"मन्ही माफी मांगीसन काय व्हई?" तो म्हणाला. "जिनं वरीस गयं तिले सांगा. ती म्हणी तं मी उद्या दमणी जुपसू."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. सून सासूच्या कानाशी काहीतरी बोलली. सासू बाहेर वळून म्हणाली, "ती इचारी ऱ्हायनी, तव्हय तिना पाठ चुकना व्हता का?"

इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती, की आपला पाठ वाईट झाला म्हणून आपल्याला घरी धाडलं.

सासूला सांगून भागलं असतं. रीत तीच होती. पण मागच्या वेळी रीतीच्या आडोशानेच मी निसटलो होतो. मी उठलो आणि दाराकडे तोंड करून तिच्याशीच बोललो.

"बाई, पाठ चुकला नव्हता. चांगला होता, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या तब्येतीचं मी निमित्त केलं. परीक्षकासमोर गरोदर बाई उभी राहिली तर ते मला काय म्हणतील, याची मला लाज वाटत होती. ती माझी लाज होती, आणि तिच्यापायी घरी तुम्हाला जावं लागलं. तुम्हाला झेपेल की नाही, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आज विचारतो. तुमचे थोडेच पाठ राहिलेत, द्यायला याल का? पण त्याआधी, मला माफ करा."