सरांना काय द्यायचं?

पेढा हातात आला की सर आधी तो मोडून बघायचे, नाकाशी न्यायचे आणि मग विचारायचे, "कुणाचा? कशाबद्दल?" आमच्या नांदेडच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, पण हा नमुना वेगळाच. पोरगं पास झालं म्हणून कुणी पेढा दिला, तर हे महाराज म्हणणार, "निकाल सोता बघितला का तुमी?"

मी फिजिक्सची. लॅबला लॅब लागून, पण त्यांनी किल्ली कधी माझ्याकडे ठेवली नाही. मला राग यायचा. मग कारण कळलं. पीएच.डी.चं पहिलं काम अर्ध्यावर असताना त्यांचे सगळे निष्कर्ष दुसऱ्याच्याच नावानं छापून आले. तक्रार केली तर यांनाच उलट विचारलं, "हे तुमचं कशावरून?" बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. किनवटकडच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम. रविवारी जायचे आणि सोमवारी दोन्ही हातांत कॅन घेऊन स्टेशनवरून थेट कॉलेजात.

यंदा त्यांच्या पीएच.डी.च्या व्हायव्हाची तारीख लागली आणि स्टाफरूममध्ये विषय निघाला, सरांना काय द्यायचं? आमच्याकडे बदली असो, रिटायरमेंट असो की घरभरणी, भिंतीवरचं घड्याळ ठरलेलं. मी म्हटलं, "पुरे झाली ती घड्याळं!" मग रोज मधल्या सुट्टीत खल. कुणी म्हणे बॅग, कुणी म्हणे सफारीचं कापड. आणि सर दारात दिसले की सगळे चिडीचूप.

आता संशयी माणसासमोर असं करतात का? पण आम्ही केलं.

एके दुपारी सर माझ्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, मी आलो की सगळे गप कामून होतेत? माझ्याबद्दल वर काई लिहून राहिलात का?"

मला आधी रागच आला, मग सांगूनच टाकलं. "काय हो सर! तुमच्यासाठी गिफ्ट ठरवून राहिलोय. आता तुम्हीच सांगा, काय पाहिजे?"

ते माझ्या तोंडावर खोटं शोधत होते, दुसरं काय!

"कोण कोण देऊन राहिलंय?"

"सगळे."

"सगळे का? मग वस्तू नका देऊ. व्हायव्हाला या. काई बोलू नका. मागं बसा नुसते."

आम्ही गेलो, शिपाईमामांसकट. परीक्षक समोर टेबलाला, सर त्यांच्याकडे तोंड करून उभे, आणि आम्ही सरांच्या पाठीमागं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे सगळे नमुने तुम्ही स्वतः आणलेत?"

पुन्हा तोच जुना प्रश्न! सरांनी हात तेवढा मागं केला. "यांना विचारा सर. यांनी मला आणताना बघितलंय."

मामा तर उठून उभेच राहिले. "हाव साहेब! दर सोमवारी. कॅन मी घेऊ म्हणलं तर हात लावू देत न्हवते!"

सगळा हॉल हसला. माझे मात्र डोळे भरून आले.

सर आता लातूरला गेलेत. त्यांचं नाव निघालं की मला त्यांची त्या दिवशीची पाठ आठवते. मागं आम्ही सगळे बसलेलो, आणि आम्ही आहोत की उठून गेलो, हे त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.