झोपेत झिजणारी वेणी

जिन्याला लागून असलेल्या खोलीत दोन बहिणी राहतात, आणि त्यांच्यासोबत काही लाकडी डोकी. डोकी भांडत नाहीत, एवढाच काय तो फरक. दोघी घरबसल्या विग विणतात. लाकडी डोक्यावर जाळीची टोपी ताणायची, आकडीच्या सुईने एकेक केस ओढून गाठ मारायची, आणि मान मोडून आली की एकमेकींवर खेकसायचं.

धाकटीला सगळे शेपटी म्हणतात. वेणी गुडघ्याकडे निघालेली, आणि बाई जिना उतरताना ती मुद्दाम झुलवणार. थोरल्या ताईचे केस एका लांबलेल्या तापात गेले ते गेलेच. तेव्हापासून ती डोक्याला रुमाल बांधून जगाला केस लावते. विगचं काम देणारा मालक एकदा म्हणाला होता, “एखादा विग तुम्हीच ठेवा की.”

“परक्या बाईचे केस घालून आरशात बघू कुणाला?” ताईने त्याला उडवून लावलं.

हल्ली शेपटीची वेणी हातात भरेनाशी झाली. आधी मुठीएवढी, मग दोन बोटांएवढी. जिन्यावरचं झुलणं बंद पडलं. उद्या आपल्यालाही रुमाल बांधावा लागणार, या विचाराने ती आरसा टाळू लागली. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून तिने मोबाईलमधल्या चॅटबॉटला गाठलं. त्याला ती ‘शहाणा’ म्हणायची, कारण तो कधी ‘मला काय माहीत’ म्हणून झटकत नसे.

शहाण्याने अंगातल्या लोहाचा विषय काढला, मग थायरॉईडचा, काळजीचा, घट्ट वेणीचा. रक्त तपासून घ्या म्हणाला. मग विचारलं, “गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते का? मुळापासून गळलेल्या केसाला बहुतेक ती असते.”

शेपटीने उशीवरचे चुकार केस उचलून खिडकीपाशी धरले. जन्म केसांत गेलेला, पण स्वतःचा केस असा निरखायची ही पहिलीच वेळ. गाठ नव्हती. टोक सरळ होतं.

“मानेवर, केसांच्या खाली बोटं फिरवून बघा,” शहाणा म्हणाला. “आखूड केस लागतात का?”

तिने बोटं फिरवली. आतल्या बाजूला, वरच्या केसांनी झाकलेले, ब्रशसारखे खुंट.

“मग केस तुटत असतील किंवा कापले जात असतील,” पडद्यावर उमटलं. “घरात तुमच्यासोबत आणखी कोणी राहतं का?”

शेपटीने मोबाईल पालथा घातला. ताई पलीकडे पाठमोरी बसून सुई चालवत होती. टक्, टक्.

“कुणाशी गं गुलूगुलू चाललंय?” ताईने मान न वळवता विचारलं.

“कुणाशी नाही. तयार माल मालकाकडे टाकून येतेस का? आज माझे पाय दुखतायत.”

ताई गेली. कोपऱ्यातल्या डोक्यावर नेहमीसारखं फडकं होतं. त्याखालचं काम कुठल्याशा हौशी गिऱ्हाइकाचं, असं ताई सांगायची, आणि ते कधी संपतच नसे. मध्यंतरी ताईची मान धरली तेव्हा शेपटीनेच त्यात ओळी भरून दिल्या होत्या. वर म्हणाली होती, “काय केस आहेत गं! कोण बाई आहे, नशीब काढलंय तिने.” ताई तेव्हा नुसती हसली होती.

तिने फडकं काढलं, नाक लावलं. विकतच्या केसांना धुण्याच्या औषधाचा उग्र वास असतो. याला तिच्या साबणाचा होता. तिने आपल्या वेणीचं टोक शेजारी धरलं. तीच तांबूस झाक. बाई स्वतःच्याच डोक्याचे केस गाठी मारून बसवून मोकळी झाली होती, आणि ओळखलंही नव्हतं! त्या विगवर भांगाची जागा तेवढी मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर शेपटी रोजच्यासारखी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. डोळे मिटलेले, कान टवकारलेले. सुईची टकटक थांबली. चटई करकरली. मग मानेवर हलकेच कंगवा फिरला, इतक्या मायेने की लहानपणीची ताई आठवावी. थंड लोखंड कानामागे टेकलं, तशी शेपटीने ताईचं मनगट धरलं.

ताई दचकली नाही.

“जागी आहेस होय.”

“मागायचे होतेस ताई! मी काय नाही म्हटलं असतं?”

“मागितले होते. ताप उतरला त्या आठवड्यात. तू हसलीस, म्हणालीस, माझी वेणी काढून तुला चिकटवू की काय. आणि जिना उतरून गेलीस, झुलवत.”

शेपटीला सगळं आठवलं. तिचं बोलणं, जिना, ते हसणंसुद्धा. तिने मनगट सोडलं, उठून बसली, पाठ केली आणि उरलीसुरली वेणी मोकळी सोडली.

“घे. भांगापुरते काप. पण माझ्या देखत.”

ताईची कात्री हवेतच राहिली. मग ती लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, “नाही बयो. तू झोप. तू जागी असलीस की हे तुझे केस असतात. झोपलीस की माझे होतात.”

शेपटी पुन्हा आडवी झाली. डोळे मिटले. कात्री वाजेना. ताईचा श्वास तिच्या गालाजवळ आला, झोप लागली का ते बघत तिथेच थांबला, आणि शेपटी हळूहळू झोपलेल्यासारखे लांब, खोल श्वास घेऊ लागली.