सासुरवाडीचा बॉयलर आणि तीनचा आकडा

आमच्या कवठे महांकाळची हवा इतकी कोरडी, की माणूस रडला तर गालावर मिठाची रेघ तेवढी उरते. हे मी सासुरवाडीत सांगितलं तर कुणी हसलंसुद्धा नाही. सासुरवाडी महाबळेश्वरची. तिथं पावसाळ्यात दोरीवर घातलेल्या धोतराला मोड येतात, आणि काडेपेटी ओढली की ठिणगीऐवजी थेंब उडतो. थोडं इकडं तिकडं असेल, पण खोटं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. पोरगी घाईची, महिनाभर आधीच आली. मी भरपावसात एस्टीने वर पोचलो तेव्हा सासूबाईंनी एक गाठोडं माझ्या हातात दिलं. आमच्या दुकानातला दोन एचपीचा रोटर त्याहून वजनाला भारी. पावलं बघितली तर बर्फाच्या गोळ्यासारखी गार.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "खोली उबदार पाहिजे. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, धुरानं पोरीची छाती भरेल." विजेचा हीटर लावला की फ्यूज उडायचा. माझी बायको पोरीला पोटाशी धरून बसायची, आडवी व्हायची नाही. झोपेत पांघरूण सरकलं तर, ही तिची भीती.

मग सगळ्यांना बॉयलर आठवला.

माझा मेव्हणा जहाजावर नोकरीला. त्यानं परदेशातून घर गरम करायचा गॅसचा बॉयलर आणला होता आणि हिवाळ्यात बसवूनही दिला होता. कोठीच्या भिंतीवर पांढरी पेटी, तिथून खोल्याखोल्यांत पाइप, भिंतींना टेकून, पंखे नसलेले कूलर म्हणावेत तशी लोखंडी धुडं. त्यातून गरम पाणी फिरायचं. सासरे फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी तो बॉयलर गावाला असा दाखवला होता, की लोक चपला बाहेर काढून आत यायचे. थंडी सरल्यावर मात्र त्याला कुणी हात लावला नव्हता.

मी बटण दाबलं. पेटीनं घुर्रर्र केलं, थांबली, आणि काचेत लाल एक उमटला.

झाकणावर आकड्यांसमोर बारकी चित्रं होती. एकसमोर थेंब. म्हटलं, पाणी कमी. नळ सोडून पाणी भरलं, एक गेला. अशी छाती फुगली माझी, की सदऱ्याचं बटण कोठीच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटलं. सासरे म्हणाले, "शाब्बास जावईबापू!"

पुन्हा बटण. घुर्रर्र. आणि लाल तीन. तीनसमोर पंख्याचं चित्र.

पंखा म्हणजे आपलं राज्य! खोलून बाहेर काढला, वायंडिंग तपासलं, थेट वायर जोडून फिरवला. असा सुटला, की सासऱ्यांच्या तळहातावरची मळलेली तंबाखू थेट देव्हाऱ्यात.

सासूबाई कडाडल्या, "आवं, देवाला तंबाखू खायला घालताय व्हय?"

"मी न्हाई, जावयानं घातली."

पंखा ठणठणीत. परत बसवला. बटण. लाल तीन.

"फौजमधी मशीन आडली की आमी तिला एक लाथ घालायचो," सासरे म्हणाले.

"आन् चालायची?"

"चालायची न्हाई, पर साहेबाला वाटायचं कायतरी चाललंय."

दुपारभर हेच. पेटी उघडायची, लावायची, लाल तीन. पलीकडच्या खोलीत पोरीचं रडणं बारीक होत चाललं होतं, आणि ते बारीक होणं मला आरडाओरड्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

आता आमच्या धंद्यात एक रामबाण आहे. कवठे महांकाळपासून मिरजेपर्यंत कुणालाही विचारा. मोटरचा स्टार्टर नखरे करायला लागला, की त्यातला रोखणारा भाग वगळून वायर सरळ जोडायची. त्याला म्हणतात 'डायरेक्ट करणे'. अर्ध्या जिल्ह्याची शेती डायरेक्टवर भिजते. या पेटीत पंख्याशेजारी एक चपटी डबी होती, तीच बॉयलरला अडवत होती, एवढं मला कळलं होतं. मी तारेचा तुकडा सोलला आणि जोरात सांगितलं, "डायरेक्ट करतो. पाच मिनिटांत खोलीत भाकरी भाजा."

आतून बायकोचा आवाज आला. थकलेला, पण धार तीच.

"आवं, गावाकडं मोटर पाणी ओढंना, तवा तुमी आधी काय करता?"

"विहिरीत उतरतो. फुटबॉल बघतो." पाइपच्या तळाला असतो तो जाळीचा व्हॉल्व्ह, आमच्याकडे त्याला फुटबॉलच म्हणतात. निम्म्या वेळा त्यात गवत अडकलेलं असतं.

"मग हितं मोटरीफुडंच का बसलाय? ह्याच्या पाइपाचं त्वांड कुठं हाय, ते बघितलं का?"

नव्हतं बघितलं. परदेशी पेटी म्हटल्यावर मी विहीर विसरून गेलो होतो.

धूर बाहेर सोडायचा पाइप पेटीच्या डोक्यातून निघून भिंतीबाहेर जात होता. मी विळा घेतला आणि पावसात बाहेर पडलो. भिंत कुठाय? भिंत नव्हतीच. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधतात, नाहीतर पाऊस भिंत पिऊन टाकतो. हौशी सासूबाईंनी त्या साली दुहेरी झडी बांधून घेतल्या होत्या. हत्तीनं रेनकोट घालावा तसं घर दिसत होतं. अंदाजानं विळा चालवला. गवताखाली प्लास्टिकचा कागद, कागदाखाली पोत्याचा बोळा, आणि बोळ्यामागे पाइपाचं तोंड.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "जावईबापू, भिंतीला भोक दिसलं, म्हणलं पानी शिरंल. म्या सवता कोंबलंय त्ये."

बोळा उपसला. आत येऊन बटण दाबलं. घुर्रर्र झालं, आणि पेटीच्या पोटात निळी ज्योत फुलली. तीन मावळला.

सासऱ्यांनी सॅल्यूट ठोकला. माझ्या हातातला तारेचा तुकडा मात्र मला जड झाला. पाइपाचं तोंड बंद असताना मी बॉयलर डायरेक्ट केला असता, तर पेटीतला सगळा विषारी धूर घरात फिरला असता. ज्याला दुपारभर मी बिघाड म्हणून शिव्या घालत होतो, तो लाल तीन माझ्या पोरीसाठी अडून बसला होता. आयुष्यात मी देवापुढं कमी आणि स्टार्टरपुढं जास्त वाकलोय, पण त्या पेटीला मी दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून माझ्या दुकानात डायरेक्ट बंद. गिऱ्हाईक चिडायचं, चिडू दे.

आणि आतल्या खोलीला हात जोडायची माझी हिंमत झाली नाही. बायकोनं जन्मभर ऐकवलं असतं. तसंही ऐकवतेच.

हळूहळू लोखंड कोमट झालं, मग गरम. सासूबाईंनी पाइपावर पाऊस पडतो म्हणून सासऱ्यांना छत्री घेऊन बाहेर उभं करायचा घाट घातला. तो मी कसाबसा मोडला. खोलीतली ओल अशी पळाली, की कॅलेंडरवरचा देव सुकून आठ वर्षांनी तरुण दिसायला लागला.

मी पोरीचं पाऊल मुठीत घेतलं. ऊब होती. माझ्या मुठीची नव्हे, तिची स्वतःची. ती पाय झाडून ठणठणीत आवाजात रडली.

बायको म्हणाली, "धरा हिला. पांघरुणाचं बघा." आणि तोंड भिंतीकडं करून आडवी झाली. मी वर काही बोलेपर्यंत ती घोरत होती, आणि मी तसाच बसून ते घोरणं ऐकत राहिलो.