सर्दीचा कोठा

हे मी आजवर कुणालाच बोलले न्हाई. नवऱ्याला तर न्हाईच. तुम्हाला का सांगतेय? — कोण जाणे.

माझ्या शिवानीला बाळदमा. पण आमच्या घरात तो शब्द काढायचा न्हाई, असं मीच ठरवलेलं — पोरीची जात, उद्या सोयरीक जुळायची हाय. तिचा दम्याचा पंप तूरडाळीच्या डब्यात लपवलेला. कुणी विचारलंच तर, ‘तिचा सर्दीचा कोठा हाय हो.’ संपलं!

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या दुष्काळात ती तापानं फणफणली. नेमक्या औशाहून माझ्या नणंदबाई आलेल्या. त्यांच्या कानावर पडलं म्हणजे सगळ्या सोयऱ्यांत झालं. दवाखान्यात बाहेर उदगीर नवा जिल्हा होणार का, यावर लोकांचा वाद रंगलेला. वाटलं, वन्सं तिथंच रमतील. कसलं काय! माझ्या मागोमाग आत.

डॉक्टर म्हणाले, “फ्लू दिसतोय. आधीचा आजार काही? दमा? असला तर फ्लूचं औषध आजच सुरू करावं लागतं. उशीर चालत नाही.”

शिवानीनं माझ्याकडं पाहिलं. वन्संनीही. आणि मी — मी म्हणाले, “न्हाई हो. सर्दीचा कोठा हाय नुसता.”

छाती तेव्हा मोकळी लागली त्यांना. तापाचं औषध दिलं, धाप लागली तर लगेच आणा म्हणाले.

परत फिरता आलं नसतं का? आलं असतं की! पण ऑटोत वन्सं मला खेटून बसलेल्या. आणि आता खरं सांगायचं तर आधी खोटं बोलले, हेही सांगावं लागणार — ऑटो तसाच घराकडं जाऊ दिला. घरी स्वयंपाकघराचं दार लोटून पोरीला पंप देत होते. पंपाचा, खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रिकामा मिक्सर लावत होते.

मग तिचे ओठ निळे पडले. आयसीयू. सोयऱ्यांत न्यूमोनिया म्हणून सांगितलं. वन्सं औशाला गेल्यावर नवरा मला घेऊन त्या डॉक्टरांकडं भांडायला गेला — “दम्याच्या पोरीला नुसतं तापाचं औषध? विचारायचं कळत न्हाई?”

“मी विचारलं होतं,” डॉक्टर म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली — न्हाई विचारलं.

बघा, किती सोपं असतं!

शिवानी वाचली. आता कॉलेजात जाते. परवा वन्सं आल्या होत्या. “पोरीला खोकला कसला गं एवढा?” मी तोंड उघडायच्या आधीच शिवानी हसली. “काही न्हाई आत्या, सर्दीचा कोठा हाय.”

आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं मिक्सर लावला.